लागेल तेव्हा काढू!

"पासपोर्ट? अरे, मी कुठे चाललोय? लागेल तेव्हा काढू की!"

हे म्हणणारी मंडळी अडाणी असती तर मी काही बोललो नसतो. पण यांचा टर्म इन्शुरन्स असतो, एसआयपी असते, फोटोंचा तीन ठिकाणी बॅकअप असतो. नवा फोन सेलला लागला की पाचव्या मिनिटाला यांची ऑर्डर गेलेली असते. पासपोर्ट म्हटला की मात्र यांच्या अंगात एकदम साधुसंतांची विरक्ती संचारते.

यामागचं लॉजिक काय, तर आज लागत नाही ते आज कशाला करा. आमच्या धंद्यात याला लेझी लोडिंग म्हणतात, आणि ते चांगलंच असतं. पण त्याला एक अट आहे. मागितलेली गोष्ट ठरलेल्या वेळात हातात पडली पाहिजे. पासपोर्टचं तसं आहे का? अर्ज, अपॉइंटमेंट, कागदांची तपासणी, पोलीस पडताळणी, छपाई, टपाल. यातलं पहिलं सोडलं तर बाकी काहीही तुमच्या हातात नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "तत्काळ आहे ना!"

आहे ना. साध्या पासपोर्टचे १५०० रुपये आणि तत्काळचे वर २०००. पण तत्काळने ऑफिसचा वेग वाढतो, तुमच्या कागदांचा नाही. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं आणि पॅनवर तिसरंच, असा संसार घेऊन गेलात तर ज्यादा पैसे भरूनही हात हलवत परत याल. आणि नावात मोठा बदल झालेला असेल तर तत्काळ मिळतच नाही. म्हणजे ज्याला घाई सगळ्यात जास्त नडते त्यालाच ही सोय बंद. आता बोला!

त्यात आपली मराठी नावं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे आपण तिघे, आणि पासपोर्टवर रकाने दोन: गिव्हन नेम आणि सरनेम. वडिलांचं नाव कोणी टाकतं, कोणी गाळतं. कोणी घाईघाईत सगळं पहिल्याच रकान्यात कोंबतं आणि आडनावाची जागा रिकामी ठेवतं. अशा पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा मिळाला तर त्यात पहिल्या नावाच्या जागी 'एफ एन यू' छापून येतं, म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन'. आईवडिलांनी हौसेने बारसं केलं आणि कागदोपत्री तुम्ही बिननावाचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूएईने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट आणि टूरिस्ट व्हिसावर प्रवेश द्यायचं थांबवलं, तेव्हा तर हा विनोद बऱ्याच जणांना चांगलाच महागात पडला असणार. सवडीने काढलेल्या पासपोर्टमध्ये असली चूक दिसली तर ती दुरुस्त करून घेता येते. तिकीट काढल्यावर दिसली तर देव पाण्यात ठेवायचे.

पोलीस पडताळणी होते ती राहत्या पत्त्यावर. आपण ११ महिन्यांच्या ॲग्रीमेंटवाले. आज वाकड, उद्या खराडी. हवालदार जुन्या दारावर येतात तेव्हा आपण सामान घेऊन नव्या फ्लॅटमध्ये. मग "अर्जदार पत्त्यावर आढळला नाही" असा रिपोर्ट गेला की बसा. घाई नसेल तर हे निस्तरता येतं. पंधरा दिवसांवर ऑनसाईट आलेलं असेल तर आपण एजंट शोधायला लागतो. आणि घाईत असलेलं गिऱ्हाईक कसं कापायचं हे एजंटांना शिकवावं लागत नाही. सरकारी साईटसारख्या दिसणाऱ्या खोट्या साईटही अशाच घायकुतीला आलेल्यांची वाट बघत असतात. (खऱ्या साईटचा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो. पैसे भरण्याआधी तेवढं बघा.)

इथवर गेलं काय, तर फार तर एक ऑनसाईट, एक ट्रिप. मला खरं बोलायचंय ते आपल्या आईबाबांबद्दल.

आमच्या टीममधल्या एकाची बहीण टोरांटोला असते. सातव्या महिन्यातच तिला हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं. आई साताऱ्याला. शाळेच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, लग्नात बदललेलं नाव आधारवर, आणि लग्नाची नोंदणी कधी झालेलीच नाही. त्या काळी कोण करत होतं? आधी ती नोंदणी, मग प्रतिज्ञापत्र, मग अर्ज. पासपोर्ट आला तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं. आणि व्हिसाचा अर्ज? तो त्यानंतर सुरू झाला. पासपोर्ट नंबर असल्याशिवाय व्हिसाच्या रांगेत उभंसुद्धा राहता येत नाही हे लोक विसरतात. २०२२ च्या शेवटी अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईत दोन वर्षांहून जास्त वेटिंग होतं. ती रांग पासपोर्ट हातात आल्यावर सुरू होते, आधी नाही.

पोरं परदेशात, आणि आईबाबांकडे साधा पासपोर्ट नाही. अशी किती घरं आपल्या ओळखीत आहेत, मोजून बघा.

"पण काढला आणि वापरलाच नाही तर?" तर १५०० रुपये गेले. मोठ्या माणसाचा पासपोर्ट १० वर्षं चालतो. महिन्याला पडले साडेबारा रुपये. तेवढ्यात धड एक चहासुद्धा येत नाही. मात्र बरेच देश प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने व्हॅलिडिटी मागतात, त्यामुळे साडेनऊ वर्षंच धरा. म्हणजे ज्यांच्याकडे आहे त्यांनीही जरा कपाट उघडून तारीख बघा.

आणि आता सबबही उरलेली नाही. २०१७ पासून पोस्ट ऑफिसांमध्ये पासपोर्ट केंद्रं निघाली. २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो. आई दिवाळीला तुमच्याकडे पुण्यात आली असेल तर इथूनही अर्ज होतो.

तेव्हा या रविवारी एवढंच करा. दहावीचं सर्टिफिकेट, आधार, पॅन टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नावाचं एकेक अक्षर जुळवा. स्वतःचे कागद झाले की आईबाबांचे. जे जुळत नसेल ते दुरुस्त करायला टाका आणि मग अर्ज भरा. कुठे जायचंय हे नंतर ठरवलं तरी चालेल.