ऑप्शन फॉर्ममधलं नाटक

आपल्या हॉस्टेलमध्ये एक वाक्य दर आठवड्याला कोणाच्या तरी कानावर पडतं. "आधी डिग्री हातात घे, मग काय नाटकं करायची ती कर." घरून फोन आला की हेच, तालमीसाठी सुट्टी मागायला गेलं की हेच. खरं सांगायचं तर हे वाक्य चूक नाही, अपुरं आहे. डिग्री हातात आल्यावर जो 'मग' येतो, त्यात नेमकं काय करायचं ते कोणीच सांगत नाही. हा लेख त्या 'मग'बद्दल आहे.

मी मूळची कोयनानगरची, सध्या टी.ई.ला. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं फारसं पटत नाही, संपादक सांभाळून घेतीलच. डिग्रीनंतर नाटक शिकायचं असं मी ठरवलं आहे. माझ्यासारखे अजून चार-पाच जण आपल्याकडे आहेत. त्यांना "कुठे अर्ज करणार?" असं विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, एनएसडी. "आणि तिथे नाही झालं तर?" "मग कॅम्पस आहेच की!" म्हणजे यादीत दोनच नावं. एकीकडे दिल्ली, दुसरीकडे नोकरी, आणि मधली जागा सगळी कोरी.

दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झालं. तिथला तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम पदवीधरांसाठी आहे, आणि पदवी कुठल्याही शाखेची चालते, आपली बी.ई.सुद्धा. पण अख्ख्या देशातून दरवर्षी घेतात ती मुलं जेमतेम तीस-बत्तीस. आधी वेगवेगळ्या शहरांत पहिली चाळणी होते आणि त्यातून निवडलेल्यांना दिल्लीला कार्यशाळेसाठी बोलावतात. तिथे निवड झाली तर विद्यावेतन मिळतं, शिक्षक उत्तम मिळतात, सगळं खरं. पण तीस-बत्तीस जागांवर भरवसा ठेवून बाकी पान कोरं ठेवणं याला हिंमत म्हणायचं की आळस?

आपण सगळे कॅप राउंडमधून आलेलो आहोत. ऑप्शन फॉर्म भरताना आपण काय केलं होतं ते आठवा. मागच्या वर्षीचे कट-ऑफ काढले, वर स्वप्नातली कॉलेजं टाकली, मध्ये जमण्यासारखी टाकली आणि तळाला हमखास मिळतील अशी. तेव्हा प्रत्येक घरात एक सूचना होती, जिथे जायचंच नाही त्या कॉलेजचा कोड टाकू नकोस. इतका शहाणपणा आपण बारावीच्या सुट्टीत दाखवला. मग नाटकाच्या बाबतीत तो कुठे जातो?

मला वाटतं, आपल्या घरांत दोन वेगळ्या भीती एकत्र मिसळल्या आहेत. एक भीती प्रवेशाची, 'मला शिकायला कुठे घेतील?' दुसरी पोटाची, 'शिकून खाणार काय?' इंजिनिअरिंगची डिग्री दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते आणि ते उत्तर चांगलं आहे. नाटकाची पदवी नोकरीची हमी देत नाही, त्यामुळे हाताशी दुसरं काही असणं वाईट नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर डिग्री देऊ शकत नाही. दिल्लीला नाव लागलं नाही म्हणून हिंजवडीला जॉइन झालात, तर पोटाची सोय झाली, शिकणं तर राहूनच गेलं. त्याला 'सेफ ऑप्शन' म्हणणं ही आपण स्वतःचीच केलेली फसवणूक आहे.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं, "डॉ. लागूंनी नाही का केलं?" डॉ. श्रीराम लागू आपल्या साताऱ्यात जन्मले, कान-नाक-घशाचे सर्जन झाले आणि १९६९ मध्ये पूर्ण वेळ रंगभूमीवर आले. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, अमोल पालेकर बँकेत होते. ही सगळी मोठी माणसं, वाद नाही. पण लागूंनी व्यवसाय सोडला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, हे उदाहरण देणाऱ्यांच्या लक्षात नसतं. आणि त्या पिढीच्या तरुणपणी महाराष्ट्रात विद्यापीठात जाऊन नाटक शिकण्याची आजच्यासारखी सोय नव्हती. आज ती आहे, आणि आपल्याला तिची माहिती नाही.

तर ती कोरी जागा भरून बघू. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे आणि तिथे नाटकात एम.ए. करता येतं. 'महानिर्वाण' लिहिणारे सतीश आळेकर बरीच वर्षं त्याचे प्रमुख होते. ते स्वतः बायोकेमिस्ट्रीचे एम.एस्सी.! मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ साली वामन केंद्रे यांनी उभी केली. हेच केंद्रे पुढे २०१३ मध्ये एनएसडीचे संचालक झाले. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. आणि आपल्या अगदी जवळ, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. गोव्याला पणजीत कला अकादमीचं नाट्य विद्यालय आहे. शेजारच्या कोल्हापूरचं नावसुद्धा आमच्या चर्चेत कधी निघालं नव्हतं.

यात एक अडचण आहे, तीही सांगते. कॅपमध्ये मार्क माहीत असतात, त्यामुळे अंदाज बांधता येतो. नाटकाच्या निवडीत तुम्ही समोर उभं राहून करून दाखवायचं असतं आणि त्या दिवशी घसा बसला तर बसला. त्यामुळे इथे एकच एक 'हमखास' जागा नसते. सुरक्षितता येते ती दोन-तीन ठिकाणी मनापासून अर्ज करण्यातून. शिवाय प्रत्येक ठिकाणाला एक प्रश्न विचारायचा, 'फक्त इथेच झालं तर मी आनंदाने बॅग भरीन का?' उत्तर 'नाही' असेल तर ते नाव खोडा. पण तिथले शिक्षक कोण, कुठली नाटकं बसवतात, रंगमंच कसा आहे हे पाहायच्या आधी खोडू नका. नुसतं 'दिल्ली नाही' म्हणून नाव खोडणं हा माज झाला.

सेफ्टीचा अर्थ आम्हा कोयनेच्या लोकांना वेगळा समजवावा लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, माणसं गेली, घरं पडली. धरणाच्या डिझाइनमध्ये भूकंपाचा गुणांक ०.०५ धरला होता, प्रत्यक्ष धक्का त्याच्या कितीतरी पट निघाला. भिंतीला तडे गेले, तरी ती उभी राहिली. पुढे त्याच भिंतीला खालच्या बाजूने काँक्रीटचा आधार देऊन ती मजबूत केली. जे टिकवायचं आहे त्यालाच आधार द्यायचा, इतका साधा हिशेब आहे. नाटक टिकवायचं असेल तर आधारही नाटकाच्याच बाजूने हवा.

आता कामाचं. बॅकलॉग ठेवू नका, पदवी पूर्ण नसेल तर यातलं बहुतेक काही उघडत नाही. गॅदरिंग, युवा महोत्सव, पुरुषोत्तम करंडक, जिथे जिथे काम केलं तिथली सर्टिफिकेटं आणि फोटो जपून ठेवा, एनएसडी नाटकांतल्या अनुभवाचा पुरावा मागते. जाहिराती वेगवेगळ्या वेळी येतात, म्हणून तारखांची एक वही करा. आणि आई-बाबांशी बोलताना दोन्ही भीतींवर वेगवेगळं बोला. "पोटासाठी डिग्री आहे, शिकण्यासाठी ही चार नावं आहेत," असं सांगितल्यावर निदान माझ्या घरी आवाज चढला नाही. बाबांनी कोल्हापूरच्या फीची चौकशी केली, हे मी होकारातच धरते.

शेवटी सरांना आणि मॅडमना एक विनंती. आपल्या नोटीस बोर्डावर गेट आणि कॅटच्या तारखा लागतात, तिथेच एका कोपऱ्यात या प्रवेशांच्या जाहिरातीही लागाव्यात. चार-पाच मुलांसाठी एवढी जागा मागणं फार नाही. पिना आम्ही आणू.