वसिष्ठ-अरुंधतीच्या फेऱ्या कोणी मोजल्या?

१/
लग्नसराई सुरू झाली की एक संदेश हमखास फिरू लागतो. इतर जोडताऱ्यांत एक तारा स्थिर असतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो. वसिष्ठ आणि अरुंधती मात्र परस्परांभोवती फिरतात. ऋषींना हे ठाऊक होते, म्हणूनच नवदांपत्याला हे तारे दाखवतात. सहजीवनाचे रूपक म्हणून हे गोड आहे. इतिहास म्हणून ते निराधार आहे, आणि त्यामुळे होणारे नुकसान केवळ एका चुकीच्या माहितीपुरते नाही.

२/
आधी खगोलशास्त्र. एक तारा जागेवर खिळलेला आणि दुसरा त्याच्याभोवती फिरणारा, अशी जोडी विश्वात कोठेही नाही. गुरुत्वाने बांधलेले कोणतेही दोन तारे सामायिक गुरुत्वमध्याभोवतीच फिरतात. म्हणजे संदेशातला 'इतर' हा वर्गच काल्पनिक आहे. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यातील अंतर सुमारे १२ कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासाच्या साधारण दोन पंचमांश. हे दोघे परस्परांना बांधलेले असतील, तर एका प्रदक्षिणेला किमान काही लाख वर्षे लागतील. ती गती नुसत्या डोळ्यांनी एका आयुष्यात तर नाहीच, शंभर पिढ्यांतही दिसणारी नाही.

३/
आता ग्रंथ. आश्वलायन गृह्यसूत्रात वधूने ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी पाहून मग मौन सोडावे, असा विधी आहे. ध्रुव स्थैर्याचा, अरुंधती निष्ठेची. परस्परभ्रमणाचा तेथे शब्दही नाही. परंपरेत जे खरोखर आहे ते या संदेशाहून अधिक रोचक आहे. अंधूक अरुंधती दाखवायची तर आधी शेजारचा ठळक तारा दाखवावा आणि तेथून नजर सरकवावी, ही रीत इतकी रूढ होती की तिचा 'स्थूलारुंधती न्याय' झाला आणि शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात तो दृष्टान्त म्हणून आला. आज दुर्बीण घेऊन गच्चीवर उभा राहणारा निरीक्षक ठळक ताऱ्यावरून अंधूक ताऱ्याकडे नेमका असाच जातो. पूर्वजांचे हे खरे निरीक्षणकौशल्य बाजूला सारून त्यांच्या पदरी नसलेला शोध बांधण्यात कोणता गौरव आहे?

४/
'हे आधीच ठाऊक होते' या एका वाक्याने खरी हानी होते ती श्रमाच्या इतिहासाची. दोन तारे जवळ दिसणे वेगळे आणि ते एकमेकांभोवती फिरतात हे सिद्ध होणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये जवळजवळ दोन शतके गेली.

५/
वसिष्ठ तारा दुर्बिणीतून स्वतःच दुहेरी दिसतो. पाठ्यपुस्तके दीर्घकाळ हा मान १६५० च्या सुमाराच्या रिच्चोलीला देत आली. प्रत्यक्षात कास्तेल्लीच्या सूचनेवरून गॅलिलिओने १६१७ मध्येच ही जोडी पाहून तिचे अंतर सुमारे १५ विकला नोंदवले होते. (एक कला म्हणजे साठ विकला.) १६८९ च्या डिसेंबरात पाँडिचेरीत धूमकेतू न्याहाळताना जेझुइट फादर रिशो यांना अल्फा सेंटॉरी दुहेरी दिसला. हे सारे 'दिसणे' झाले. फिरण्याबद्दल यांपैकी कोणीही काही म्हटलेले नाही. गॅलिलिओला तर उलट हवे होते: दोन तारे एका रेषेत पण भिन्न अंतरांवर असावेत, म्हणजे पृथ्वीच्या भ्रमणामुळे जवळच्याचे स्थान किंचित सरकेल आणि ते मोजता येईल.

६/
१७६७ मध्ये इंग्लंडमधील पाद्री जॉन मिशेल यांनी संभाव्यतेचा हिशेब मांडला. इतके तारे केवळ योगायोगाने इतके जवळ दिसणे शक्य नाही, तेव्हा बहुतेक जोड्या खऱ्याच असल्या पाहिजेत. युक्तिवाद बिनतोड होता, पण तो युक्तिवादच होता.

७/
पुरावा आणला तो एका वादकाने. विल्यम हर्शेल बाथ येथे ऑर्गन वाजवून आणि संगीत शिकवून पोट भरत असे. सहा इंचांहून थोडा मोठा आरसा त्याने स्वतः घासून घडवला आणि १७७९ पासून जोडताऱ्यांचा पद्धतशीर शोध आरंभिला. १३ मार्च १७८१ रोजी घराच्या बागेतून हाच शोध चालू असताना त्याला युरेनस सापडला. लोकस्मृतीत तो ग्रह उरला. ज्या कामात तो सापडला ते काम उरले नाही. १७८२ आणि १७८५ मध्ये त्याने सुमारे सातशे जोड्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. उद्देश गॅलिलिओचाच, ताऱ्यांची अंतरे काढण्याचा. तो फसला. मात्र वीस-पंचवीस वर्षांनी तेच तारे पुन्हा मोजले तेव्हा काही जोड्यांची दिशा बदललेली आढळली. पुनर्वसूतील कॅस्टरच्या बाबतीत त्याला ब्रॅडलीने १७५९ मध्ये टिपलेली जुनी दिशाही उपयोगी पडली. १८०३ च्या निबंधात त्याने हे तारे परस्परांभोवती फिरत असल्याचे जाहीर केले.

८/
येथे लक्ष ब्रॅडलीच्या त्या नोंदीकडे जावे. ती टिपताना तिचा असा उपयोग होईल हे त्याच्या गावीही नव्हते. जोडताऱ्यांचा सारा इतिहास अशा नोंदींचा आहे: एक कोन, एक अंतर, एक तारीख. 'सर्वांत आधी कोणी पाहिले' हा समाजमाध्यमांचा आवडता प्रश्न येथे जवळजवळ निरर्थक ठरतो. पन्नास वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन प्रामाणिक मोजमापे शंभर 'प्रथम' शोधांपेक्षा मोलाची आहेत.

९/
या श्रमांचा एक धागा थेट पुण्यात येतो, आणि वसिष्ठ-अरुंधतीचा संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील अभियंता विल्यम स्टीफन जेकब याने १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली आणि डोलंडच्या पाच फुटी दुर्बिणीतून २४४ जोडताऱ्यांची यादी सिद्ध केली. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. १८५५ मध्ये भुजंगधारीतील ७० क्रमांकाच्या जोडीच्या कक्षेत त्याला विसंगती आढळली. तेथे ग्रह असावा, असे त्याने सुचवले. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा हा मोजमापांवर आधारलेला अगदी सुरुवातीचा दावा. तो टिकला नाही. १८६२ च्या ऑगस्टमध्ये, डोंगरावर नवी वेधशाळा उभारण्यासाठी परतलेला जेकब पुण्यातच वारला.

१०/
जेकब चुकला, पण तपासता येईल असे चुकला. त्याचे आकडे छापलेले होते, म्हणून नंतरच्यांना ते खोडता आले. वसिष्ठ-अरुंधतीचा संदेश खोडण्यासारखे काहीच पुढे ठेवत नाही: ग्रंथ नाही, श्लोक नाही, कोन नाही, वर्ष नाही.

११/
जेकब हा वसाहतवादी सत्तेचा नोकर होता, त्याचे कौतुक कशाला, असा आक्षेप येईलच. कंपनीच्या सर्वेक्षणांची आणि वेधशाळांची राजकीय चिकित्सा व्हायलाच हवी. ती ज्यांना करायची आहे त्यांना तरी निदान तो कोण होता हे माहीत असावे. देशी परंपरेच्या अभ्यासाचा दाखला हवा असेल तर शंकर बाळकृष्ण दीक्षित आहेत. १८९६ च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त त्यांनी शतपथ ब्राह्मणातील कृत्तिकांच्या उल्लेखावरून काळ ठरवण्याचा प्रयत्न केला. निष्कर्षावर वाद झाले, आजही होतात. होऊ शकतात, कारण उल्लेख आणि गणित दोन्ही त्यांनी वाचकापुढे ठेवले. दीक्षितांचे नाव घेऊन निराधार मजकूर पसरवणारेही दिसतात, हा त्यांच्यावरचा अन्याय वेगळाच.

१२/
'हौशी' हा शब्दही तुच्छतेने वापरण्याची सवय आहे. शिकागोचा शेरबर्न वेस्ली बर्नहॅम न्यायालयात लघुलेखक होता. दिवसभर साक्षी टिपायच्या आणि रात्री सहा इंची दुर्बिणीला डोळा लावायचा. १८७३ मध्ये त्याने ८१ नव्या जोड्यांची पहिली यादी दिली. १९०६ च्या त्याच्या सूचीत १३,६६५ जोड्या आहेत. दुर्बिणीच्या भेदनक्षमतेचा जो नियम आजही वापरतात, तो देणारा विल्यम डॉज पाद्री होता.

१३/
हे काम संपलेले नाही. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या सूचीत दीड लाखाहून अधिक जोड्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांची मोजमापे मोजकीच आहेत. या मोजमापांना वाहिलेले एक नियतकालिक २००५ पासून निघते. त्यात हौशी निरीक्षकांच्या नोंदी सातत्याने येतात. साधन म्हणून छोटी दुर्बीण, कॅमेरा किंवा मोजपट्टी कोरलेली नेत्रभिंगे, आणि अचूक घड्याळ पुरते.

१४/
ज्यांना परस्परांभोवती फिरणारे तारे पाहायचेच आहेत, त्यांच्यासाठी सप्तर्षी ज्या तारकासमूहात आहेत त्याच समूहात क्साय हा तारा आहे. हर्शेलने १७८० मध्ये तो दुहेरी असल्याचे पाहिले. १८२७ मध्ये सॅव्हरीने त्याची कक्षा काढली. गणिताने कक्षा निश्चित झालेली ही पहिली जोडी. तिची फेरी सुमारे ६० वर्षांत पूर्ण होते. सध्या दोघांतील अंतर दोन विकलांहून थोडे अधिक आहे, आणि एप्रिल-मेच्या रात्री १०० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून, हवा स्थिर असेल तर, ते वेगळे दिसतात. विसाव्या वर्षी पहिली नोंद करणाऱ्याला ऐंशीव्या वर्षी ती दिशा जवळपास जुन्या जागी आलेली दिसेल.