पदकाच्या अलीकडची वाट

विजयी खेळाडूचे कौतुक करण्यात आपला समाज कधी मागे राहत नाही. मिरवणूक निघते, हारतुरे होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकतात. परंतु हीच मुलगी विजयी होण्यापूर्वी रोज सायंकाळी मैदानावर जात होती, तेव्हा आपण तिला काय म्हणत होतो, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. साताऱ्याची तिरंदाज कु. अदिती स्वामी हिच्या चरित्राच्या निमित्ताने तो विचारणे योग्य होईल. कारण ज्या प्रकारच्या घरातून ती पुढे आली, तसली घरे आपल्या राजेश्वरातही पुष्कळ आहेत.

अदितीचा जन्म १५ जून २००६ चा. वडील शाळेत गणिताचे शिक्षक, आई ग्रामसेविका. मुलगी बारा वर्षांची होण्याच्या सुमारास वडिलांनी तिला साताऱ्याच्या क्रीडांगणावर नेले आणि निरनिराळे खेळ दाखविले. तिची दृष्टी धनुष्यबाणावर खिळली. प्रशिक्षक श्री. प्रवीण सावंत यांच्या हाताखाली, उसाच्या रानातील एका साध्या मैदानावर तिचा सराव सुरू झाला. तेथे ना भव्य प्रेक्षागार होते, ना झगमगते दिवे. धनुष्य आणि बाण यांची किंमत शिक्षकाच्या पगाराला पेलणारी नव्हती. त्यासाठी वडिलांना कर्ज काढावे लागले.

ती ज्या धनुष्याने खेळते, त्याला ‘कंपाउंड’ धनुष्य म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात आणि विहिरीवरील कप्पीप्रमाणे ती ओढणाऱ्याचा भार हलका करतात. म्हणून हा खेळ सोपा आहे, असे मात्र कोणी समजू नये. लक्ष्य ५० मीटर अंतरावर असते आणि १० गुण देणारे त्यातील मधले वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे असते. सामन्यात १५ बाण सोडावयाचे असतात. पूर्ण गुण १५०. एवढ्या अंतरावर श्वासाची किंचित घाई झाली, तरी बाण वर्तुळाबाहेर जातो.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ४ ऑगस्ट रोजी ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि अदिती यांच्या संघाने मेक्सिकोला २३५–२२९ असे हरवून या स्पर्धेतील भारताचे पहिले सुवर्णपदक मिळविले. दुसऱ्याच दिवशी वैयक्तिक उपांत्य सामन्यात अदितीसमोर उभी होती ती तिचीच सहकारी, वयाने आणि अनुभवाने दहा वर्षांनी मोठी असलेली ज्योती. अदितीने तो सामना १४९–१४५ असा जिंकला आणि अंतिम सामन्यात मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९–१४७ असे नमविले. दोन्ही वेळा दीडशेपैकी केवळ एक गुण गेला! सतरा वर्षांची ही मुलगी जगज्जेती झाली. त्याच वर्षी हांगझौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत तिने सांघिक सुवर्ण व वैयक्तिक कांस्यपदक मिळविले, आणि २०२३ सालचा अर्जुन पुरस्कारही तिला लाभला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तिने ज्या वर्षांत हा सराव केला, त्या वर्षांत कंपाउंड तिरंदाजीला ऑलिंपिकमध्ये स्थानच नव्हते. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये मिश्र संघाच्या रूपाने तो खेळ प्रथम येणार, हे २०२५ मध्ये ठरले. सर्वांत मोठ्या व्यासपीठाची आशा नसतानाही ती मैदानावर जात राहिली. खेळावरील प्रेमाची याहून चांगली कसोटी कोणती?

परदेशातही असेच एक उदाहरण आहे. दक्षिण कोरियाच्या किम यु-ना हिने बर्फावरील नृत्यमय स्केटिंगचा ध्यास घेतला, तेव्हा तिच्या देशात या खेळाची थोर परंपरा नव्हती आणि सरावाला स्वतंत्र रिंगणेही फारशी नव्हती. तरीही २०१० मध्ये व्हँकुव्हर येथे, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, २२८.५६ गुणांचा तत्कालीन विश्वविक्रम करून तिने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. तिला पाहून कोरियातील कितीतरी लहान मुली बर्फावर उतरल्या. त्याच कोरियाच्या महिला तिरंदाज संघाने १९८८ पासून २०२४ पर्यंत ओळीने दहा ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. पण त्यामागे एकट्यादुकट्या मुलीचे भाग्य नाही. तेथे प्राथमिक शाळेपासून मुलांच्या हाती धनुष्य दिले जाते. एका मुलीचे यश डोळे दिपवते. शाळांचे परिश्रम ते यश टिकवून धरतात.

आता आपल्याकडे पाहू. बीदर जिल्ह्याच्या या सीमेवरील गावांत कुस्तीचा फड पिढ्यान्‌पिढ्या गाजत आला आहे. मुलगे सायंकाळी मैदानावर धावतात; त्यांना कोणी अडवीत नाही. मुलगी मात्र आठवी-नववीत गेली की ‘आता खेळणे पुरे’ हे वाक्य घरात ऐकू येऊ लागते. एकलव्याची कथा आपण सर्वांनी वाचली आहे. त्याला आधी शिक्षण नाकारले गेले आणि मग अंगठा मागितला गेला. आज कोणी कोणाचा अंगठा मागत नाही हे खरे. पण चार शब्दांत मैदानाची वाट बंद होते, तेव्हा हानी काही कमी होत नाही. कोणती मुलगी काय करू शकली असती, हे मग कोणालाच कळत नाही.

यावर एखादे पालक म्हणतील, ‘अदिती जिंकली म्हणून तिची कथा सांगता. कर्ज काढूनही ज्यांच्या मुली जिंकल्या नाहीत, त्यांचे काय?’ हा आक्षेप पोकळ नाही. हजारांत एखादीच जगज्जेती होते आणि कर्ज मात्र प्रत्येकाला फेडावेच लागते. म्हणूनच माझे म्हणणे असे की, पदकाच्या आशेने मुलीला खेळू द्या, हा युक्तिवादच मुळात कच्चा आहे. मुलीने खेळावे ते तिचे शरीर सुदृढ व्हावे, मन स्थिर व्हावे, पराभव पचविण्याची सवय लागावी म्हणून. हे लाभ हरणारीलाही मिळतात. आणि जिच्या अंगी विशेष गुण दिसेल, तिच्या धनुष्याचा भार एकट्या बापाच्या खांद्यावर का असावा? देवळाच्या जीर्णोद्धारासाठी आपली गावे वर्गणी गोळा करतात; गुणी मुलीच्या साधनांसाठी तशी वर्गणी का होऊ नये? शासनाच्या योजनाही आहेत. परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट शाळेच्या मैदानातूनच जाते.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. शाळेचे मैदान रोज एक तास केवळ मुलींसाठी राखावे; त्या वेळी एखाद्या शिक्षिकेने तेथे थांबावे, म्हणजे पालकांची काळजी मिटेल. पाचवी-सहावीतच प्रत्येक मुलीला दोन-तीन खेळ करून पाहू द्यावेत. अदितीच्या वडिलांनी तेच केले. आणि घरी मुलगी मैदानावरून आली की ‘कितवी आलीस?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय शिकलीस?’ असे विचारावे.

विद्यार्थिनींनो, तुम्हांलाही एक सांगणे आहे. १४९ गुण एका दिवसात पडत नाहीत. ज्या बाणांची मोजदाद कोणी केली नाही, असे सहस्रावधी बाण त्यांच्यामागे असतात. तेवढे बाण सोडावयास तुम्ही सिद्ध असाल, तर तुम्हांला मैदान मिळवून देणे हे आम्हा वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे. त्यात आम्ही चुकलो, तर हक्काने जाब विचारा.