माळ्यावरच्या मैफली

दिवाळी तोंडावर आली की आमच्या दिंडोशीत दोन आवाज वाढतात. एक चकलीच्या भाजणीवरून घरोघर चालणाऱ्या वादाचा, आणि दुसरा टेकडीच्या चढावर हातगाडी ढकलीत येणाऱ्या भंगारवाल्याचा. पहिल्याने पोट भरते. दुसऱ्याने घर रिकामे होते. कधीकधी जरा जास्तच रिकामे होते, आणि आजचे माझे रडगाणे त्याविषयीच आहे.

गेल्या वर्षी याच सुमारास आमच्या जिन्याच्या चौकात शेजारच्या काकूंची मुलगी रंगांच्या बाटल्या मांडून बसली होती. पुढ्यात पाचसहा काळ्या तबकड्या होत्या आणि त्यांवर ती पांढऱ्या रंगाने वारली माणसे नाचवीत होती.

"काका, दाराला लावणार आहे. छान दिसतात ना?"

मी चष्मा सावरून खाली वाकलो. वारल्यांच्या फेरामध्ये, मधल्या गोल कागदावर नाव होते हिराबाई बडोदेकरांचे. दुसरीवर मास्तर कृष्णराव.

"अगं, या कुठल्या?"

"आजोबांच्या. माळ्यावर होत्या. भंगारवाला फुकटसुद्धा नेत नाही म्हणाला."

भंगारवाल्याच्या या रसिकतेचे उपकार मानून मी तडक खाली गेलो, पुठ्ठ्याच्या सहा चकत्या कापून आणल्या, आणि न रंगवलेल्या तीन तबकड्या बदल्यात घेतल्या. पोरगी खूष, मीही खूष. "आणखी एक अडगळ!" एवढेच आमच्या सौ. म्हणाल्या.

वाचकांना ठाऊक आहेच, की दर दिवाळीला या सदरात मी शास्त्रीय संगीताच्या नव्या नि येऊ घातलेल्या ध्वनिमुद्रिकांचा हिशेब मांडतो. यंदाचा हिशेब थोडक्यात असा. मोठ्या काळ्या तबकड्यांना, म्हणजे एल. पीं.ना पुन्हा बरे दिवस आले आहेत. जुनी गाजलेली ध्वनिमुद्रणे नव्याने छापली जातात आणि ती घेण्यासाठी तरुण मुले पैसे साठवतात. आकाशवाणीने आपल्या संग्रहातले गाणे 'आकाशवाणी संगीत' या नावाने प्रसिद्ध केलेले आहे. संग्राहकाने ते अवश्य धुंडाळावे. शिवाय आपल्याकडे ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क ती प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे दर १ जानेवारीला जुन्या गाण्यांचा एकेक वर्षाचा घाणा त्या हक्कातून मोकळा होतो. संग्राहकाला याहून निराळा पाडवा नको.

पण या यादीत एक गंमत आहे. आपल्या संगीतात 'नवे' म्हणून जे येते, त्यातले पुष्कळसे जुनेच असते. फक्त नव्याने सापडलेले असते. आणि ते सापडते कुठे? कंपनीच्या कपाटात थोडे आणि कुणाच्या तरी घरी फार.

केसरबाई केरकरांचेच पाहा ना. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अंतराळात धाडली आणि त्यांबरोबर पृथ्वीवरच्या निवडक संगीताची एकेक सोनेरी तबकडी दिली. भारतातर्फे तीत एकच गाणे आहे. केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. रॉबर्ट ब्राउन या संगीताभ्यासकाने तिची शिफारस केली खरी. पण ती तबकडी बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती. शोध शोध शोधल्यावर ती मिळाली न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात! आज ती याने सूर्याचे अंगण ओलांडून पलीकडे गेली आहेत. म्हणजे अंतराळात गेलेली भैरवीसुद्धा आधी कुणाच्या तरी अडगळीतच पडून होती. त्या दुकानदाराने दिवाळीची साफसफाई जरा कसोशीने केली असती तर?

आणि याच केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब. त्यांनी जवळजवळ संपूर्ण शतक पाहिले, १९४६ साली देह ठेवला, आणि मागे एकही ध्वनिमुद्रिका ठेवली नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचेही तसेच. थोरांचे गाणे आपण आता केवळ त्यांच्या शिष्यांच्या गळ्यांतून आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींतून ऐकायचे. उलट अब्दुल करीमखाँसाहेबांनी तबकड्या दिल्या. त्यांची एक तबकडी लहानपणी कानी पडली आणि भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घर सोडून पळाले. तीन मिनिटांच्या लाखेने केवढे घडवले पाहा!

तरी केसरबाई, करीमखाँ यांची काळजी करणारे लोक आहेत. माझा जीव अडकला आहे तो त्या जिन्यातल्या तिसऱ्या तबकडीत. तिच्यावर 'यंग इंडिया' असे छापले होते आणि गाणाऱ्या बाईंचे नाव मी जन्मात ऐकले नव्हते. ही 'यंग इंडिया' आपल्या मुंबईचीच. नॅशनल ग्रामोफोन कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात या नावाने तबकड्या काढल्या, त्या हजारोंनी. मोठमोठे कलावंत मोठ्या कंपन्यांशी बांधलेले. म्हणून हिने नव्या, हौशी, अनोळखी गळ्यांना संधी दिली. पुढे कंपनी बंद पडली. या तबकड्या जिथे शिल्लक आहेत तिथे त्या कुणाच्या तरी घरीच शिल्लक आहेत. मुंबईत १९९० साली तबकड्या जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली. तिचे सुरेश चांदवणकर हे व्यवसायाने भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने या तबकड्यांचे नव्या तंत्राने जतन करण्याचे काम हाती घेतले. तेव्हा या तबकड्या आल्या त्या संग्राहकांच्या कपाटांतून.

म्हणून यंदा खरेदीची लांबलचक यादी न देता मी वाचकांना माळ्यावर चढायला सांगणार आहे. येऊ घातलेल्या ध्वनिमुद्रिकांतली एखादी तुमच्याच घरी असायची!

चढण्यापूर्वी चार गोष्टी ध्यानात ठेवा. जुनी तबकडी लाखेची असते. स्पिरिटने पुसाल तर तिचा मुलामा आणि गाणे दोन्ही विरघळेल. मऊ, कोरडे फडके पुरे. तबकड्या आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. एल. पी.ची सुई त्यांवर टेकवू नका. जुन्या तबकडीची खाच रुंद असते, तिला निराळी सुई लागते. वाजवता येत नसेल तर नुसते लेबल वाचा, नाव आणि क्रमांक वहीत उतरवा. अगदी जुन्या तबकड्यांत गाणे संपता संपता गाणाराच आपले नाव सांगतो. कलकत्त्याला १९०२ साली गौहरजानने इंग्रजीत सांगितले, तसे. तबकड्या जर्मनीत छापायच्या, तिथल्या माणसाला कुणाचे गाणे हे कळावे कसे, म्हणून ही युक्ती. घरगुती मैफलीचे मुद्रण सापडले तर ते जपा. पण प्रसिद्ध करायचे असेल तर आधी कलावंताला किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा. आणि कॅसेट असेल तर तिच्या पाठच्या दोन जिभा मोडून टाका, म्हणजे तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही.

या शेवटच्या सूचनेपाशी मला थांबले पाहिजे. उपदेश करणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत, आणि माझे तसे नाहीत.

आमच्या अण्णांपाशी एक कॅसेट होती. १९८३ साली गिरगावात एका परिचितांच्या घरी झालेल्या बैठकीची. गाणाऱ्या बाई शाळेत संगीत शिकवीत. त्यांची तबकडी कधी निघाली नाही, रेडिओवर त्या कधी गायल्या नाहीत. अण्णांनी ती कॅसेट जिवापाड जपली होती. जिभा मोडून ठेवल्या होत्या. १९९४ साली मी नववीत होतो. वक्तृत्वस्पर्धेसाठी स्वतःचा आवाज ऐकण्याची मला हुक्की आली, घरात कोरी कॅसेट नव्हती, आणि मोडलेल्या जिभेच्या भोकावर सेलोटेप चिकटवला की काम भागते हे शहाणपण शाळेत मिळालेले होते. विषय काय होता ठाऊक आहे? 'आपला सांस्कृतिक वारसा'!

दोन्ही बाजू मी बोलून काढल्या. दुसरीच्या शेवटी सात मिनिटे तेवढी वाचली, कारण वारशाविषयी मला आणखी काही सुचले नाही. अण्णांना ते केव्हा कळले, मला कळले नाही. त्यांनी मला कधी एका शब्दानेही विचारले नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या बाईंच्या एक शिष्या पत्ता काढीत आमच्या दिंडोशीच्या घरी आल्या. बाईंची जन्मशताब्दी होती. "बाईंचा आवाज कुठेच नाही हो, तुमच्याकडे काहीतरी आहे असं ऐकलं," म्हणाल्या. अण्णांनी टेप लावला. आधी माझा फुटू लागलेला आवाज, "अध्यक्षमहाराज, पूज्य गुरुजनवर्ग…", मग खट्, आणि एकदम मधूनच भैरवी. तानपुरा, पेटी, आणि तो गळा. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. संपल्यावर त्यांनी विचारले, "आणि याच्या आधीचं?"

मी जमिनीकडे पाहात होतो. अण्णा शांतपणे म्हणाले, "आधीचं टेपनं खाल्लं. जुनं मशीन होतं."

शताब्दीच्या कार्यक्रमात ती सात मिनिटे वाजली. दीडशे माणसे ऐकत होती. बाईंचे तेवढेच गाणे आता जगात आहे. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते, मी शेवटच्या.

तेव्हा वाचकहो, माळा आवरा, अवश्य आवरा. पण खोके खाली आले की ते उघडून पाहा, नि कुणाचे नाव ओळखीचे वाटले नाही म्हणून ते टाकू नका. अनोळखी नावाला तुमच्याखेरीज कुणी नसते. आणि घरात नववीतला वक्ता असेल तर त्याला एक कोरी कॅसेट, किंवा आजकाल जे काय लागते ते, वेळेवर आणून द्या.

दिवाळी आपणा सर्वांना सुरेल जावो.