बंद दारामागचा ‘मंगळ’ आणि बाहेरचे प्रेक्षक

ह्यूस्टन येथील ‘नासा’च्या जॉन्सन अंतराळ केंद्रात जून २०२३ मध्ये चार स्वयंसेवक एका बंदिस्त घरात शिरले. ३७८ दिवसांनी, जुलै २०२४ मध्ये ते बाहेर आले. १,७०० चौरस फुटांच्या या घरात मंगळावरील वास्तव्याची रंगीत तालीम झाली. अशा अभिरूप मोहिमांत तपासला जातो तो माणूसच : त्याची झोप, आहार, ताणतणाव आणि सहकाऱ्यांशी जमणे-बिनसणे. त्याच वेळी लोकांना अंतराळ संशोधनाची गोडी लावण्याचे कामही या मोहिमांकडून अपेक्षित असते. समाजमाध्यमे त्यासाठी सोयीची आहेत. मात्र, प्रयोग आणि प्रसिद्धी यांची गरज एकच नसते.

पहिला प्रश्न वेळेचा. पृथ्वीवरून निघालेला रेडिओ संदेश मंगळापर्यंत पोहोचायला, दोन ग्रहांमधील अंतरानुसार, सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. ह्यूस्टनच्या मोहिमेत २२ मिनिटांचा विलंब मुद्दाम ठेवला होता. हवाई बेटावर मौना लोआच्या उतारावर २०१५-१६ मध्ये सहा जण वर्षभर एका घुमटात राहिले, तेव्हा तो २० मिनिटांचा होता. म्हणजे प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला किमान ४० मिनिटे. थेट प्रक्षेपण किंवा तत्काळ प्रतिसाद दिला, तर प्रयोगाची अटच मोडते. म्हणून आतल्यांनी मजकूर लिहून पाठवायचा आणि तो उशिराने लोकांपर्यंत पोहोचायचा, हाच मार्ग उरतो.

दुसरा प्रश्न आरोग्याचा आहे. मॉस्कोतील ‘मार्स-५००’ प्रयोगात सहा जण जून २०१० ते नोव्हेंबर २०११ असे ५२० दिवस बंदिस्त होते. युरोपीय अंतराळ संस्थेने तिच्या दोन सदस्यांच्या रोजनिशीतील नोंदी प्रसिद्ध केल्या, त्या आवडीने वाचल्याही गेल्या. याच प्रयोगात संशोधकांना आढळले, की दिवस सरत गेले तशी मंडळींची जागेपणीची हालचाल मंदावली, झोप आणि विश्रांतीचा वेळ वाढला. बहुतेकांच्या झोपेत किंवा सतर्कतेत काही ना काही बिघाड झाला. एकटेपणा हाच अभ्यासाचा विषय असताना रोज हजारोंची वाहवा किंवा कुचेष्टा आत पोहोचू लागली, तर मोजले जाणारे मनच बदलेल.

तिसरी अडचण बातमीच्या स्वभावात आहे. दार बंद होताना आणि उघडताना कॅमेरे हजर असतात. शास्त्रज्ञांना हवी असलेली माहिती मात्र मधल्या, काहीही न घडणाऱ्या महिन्यांत दडलेली असते. तेच जेवण, तेच चेहरे, तेच काम. कंटाळ्याचे छायाचित्र काढता येत नाही. पण मंगळावर जाणाऱ्यांची खरी कसोटी तिथेच आहे.

भारतासाठी हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेह येथे सुरू झालेल्या देशातील पहिल्या अभिरूप मोहिमेची घोषणा ‘इस्रो’ने ‘एक्स’वरूनच केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखच्या त्सो कार खोऱ्यात दोघांनी ‘होप’ तळावर दहा दिवस काढले. अशा वेळी ‘अंतराळात गेलेच नाहीत, मग ही मोहीम कसली?’ असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. नुसती आकर्षक छायाचित्रे टाकून त्याचे उत्तर मिळत नाही. हा सराव आहे, त्यात काय तपासले जात आहे आणि काय फसले, हे सांगितले तरच मिळते.

यासाठी काही पथ्ये पाळता येतील. प्रतिक्रिया गाळूनच आत पाठवाव्यात. सदस्यांच्या प्रकृतीची माहिती त्यांच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ नये. कारण ते मोहिमेचे चेहरे असले तरी आधी प्रयोगाचे विषय आहेत. आणि दार उघडल्यानंतरही संवाद थांबू नये. निष्कर्ष हाती यायला अनेकदा वर्षे लागतात. तेव्हा ते सामान्यांच्या भाषेत सांगितले गेले, तर बंद घरात काढलेले ते दिवस कशासाठी होते, हे लोकांना कळेल.