आठ पत्त्यांचे भांडवल

सांगलीच्या मार्केट यार्डात तीन पिढ्यांपासून हळदीची अडत असलेल्या एका घरातील हा प्रसंग. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर दहावीतील नातवाने आजोबांकडे पाचशे रुपये मागितले. कारण विचारता तो म्हणाला, "आबा, माझे पत्ते कमजोर आहेत. पैसे भरले की लगेच बळकट होतील."

हे पत्ते ‘क्लॅश रॉयल’ या मोबाइलवरील युद्धखेळातील होते. फिनलंडमधील ‘सुपरसेल’ कंपनीने तो 2016 साली जगभर आणला. लढाईचा खेळ म्हणजे मनातील हिंसाच, हा आबांचा पहिला आक्षेप. तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. तथापि नकार देण्यापूर्वी हिशेब पाहावा, ही पेढीवरची सवय. त्यांनी खेळ समजावून घेतला.

खेळाडूने अनेक पात्रांतून आठ पत्त्यांचा संच बांधायचा. हातात एका वेळी चारच पत्ते असतात. पत्ता टाकताना ‘एलिक्झिर’ नावाचे द्रव्य खर्ची पडते. ते सुमारे 2.8 सेकंदांना एक या गतीने जमते. पण 10 झाले की वाढ थांबते. सामना 3 मिनिटांचा. शेवटच्या मिनिटात जमण्याची गती दुप्पट होते. प्रतिस्पर्ध्याचे मनोरे अधिक पाडील तो विजयी.

नातवाने बलाढ्य पात्रेच निवडली होती. गोलेम 8 एलिक्झिरचा, पेक्का आणि मेगा नाइट प्रत्येकी 7 चे. आबांनी कागदावर बेरीज मांडली. आठ पत्त्यांचे 45, म्हणजे सरासरी 5.6.

"गोलेम उतरवलास की गल्ल्यात किती उरतात?"

"दोन."

"त्याच वेळी समोरचा दुसऱ्या बाजूने आला तर?"

नातू गप्प राहिला. आबाही क्षणभर थांबले. तेजीच्या आशेने एका हंगामात त्यांनी सारी रक्कम हळदीच्या पोत्यांत अडकवली होती. गोदाम भरलेले होते. मात्र शेतकऱ्यांची पट्टी चुकती करण्यासाठी आजीचे दागिने गहाण पडले. माल वाईट नव्हता, हाती पैसा नव्हता. ही गोष्ट नातवाने त्या संध्याकाळी प्रथमच ऐकली.

मग त्याने, ज्या संचाकडून तो वारंवार हरत असे, तो दाखवला. हॉग रायडर 4, मस्केटियर 4, फायरबॉल 4, कॅनन 3, आइस गोलेम 2, लॉग 2, आइस स्पिरिट 1, स्केलेटन्स 1. बेरीज 21, सरासरी 2.6. त्यात एकही महाबली नाही. टाकलेला पत्ता परत हाती येण्यासाठी इतर चार पत्ते खेळावे लागतात. या संचातील सर्वांत स्वस्त चार पत्त्यांना मिळून 6 एलिक्झिर लागतात. म्हणून हॉग रायडर पुनःपुन्हा चाल करून जातो. आबा म्हणाले, "ही तर भांडवलाची फिरत!"

नफ्यातोट्याचे गणितही तेथे आहे. प्रतिस्पर्ध्याच्या 5 एलिक्झिरच्या मिनियन होर्डला समान पातळीचा 3 चा ॲरोज हा पत्ता नष्ट करतो, 2 शिल्लक. याउलट 10 भरूनही पत्ता न टाकल्यास पुढील आवक वाया जाते. सारे अडकवणे आणि सारे अडवून ठेवणे, दोन्ही तोट्याचेच.

परंतु हाच संच सर्वोत्तम, असेही नाही. कंपनी पात्रांची शक्ती वेळोवेळी कमी-अधिक करते. आजचा श्रेष्ठ संच उद्या सामान्य ठरतो. शिवाय हलका संच चूक सहन करीत नाही. दुसऱ्याची यादी उतरवून घेता येते, हात उतरवून घेता येत नाही.

पाचशे रुपये मिळाले नाहीत. त्याऐवजी एक वही मिळाली. रोज अर्धा तास खेळ आणि प्रत्येक पराभवापुढे कारण लिहायचे, अशी अट ठरली. पंधरा दिवसांनी आबांनी वही चाळली. "घाईने खर्च केला" हे कारण जवळजवळ प्रत्येक पानावर होते. "पत्ते कमजोर" केवळ दोनदा. शेवटच्या पानावर मात्र खेळाशी संबंध नसलेली एक ओळ होती : "आजीचे दागिने सुटले का, हे आबांना विचारायचे आहे."