दोन सेंटिमीटरांचा हिशेब

२०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरचे वीरधवल खाडे यांचे ५० मीटर फ्रीस्टाइलचे कांस्यपदक ०.०१ सेकंदाने हुकले. त्यांची वेळ होती २२.४७ सेकंद. या वेगाने ०.०१ सेकंदात जेमतेम २ सेंटिमीटर अंतर कापले जाते!

एवढे अंतर सहज गमावण्याची जागा म्हणजे पाण्याखालून वर येण्याचा क्षण. पृष्ठभागावर लाटा उठवण्यात शक्ती खर्च होते. खोलवर ती वाचते. तरीही पाण्याच्या रोधाने सुराचा वेग घटतोच. तो नेहमीच्या पोहण्याच्या वेगाइतका होताच वर यावे. आधी आल्यास वेग वाया, उशिरा आल्यास वेळ वाया. मान उचलली की अंग तिरपे होऊन रोध वाढतो; म्हणून पहिला हात श्वास न घेता मारावा. नियमाने १५ मीटरपर्यंत डोके वर यायलाच हवे.

आमच्या देगलूरकडची मुले विहिरीत झकास सूर मारतात. त्यांना तरणतलावावर नेल्यास शिक्षकांनी नुसत्या फेऱ्या मोजू नयेत. वर येण्याची जागा बदलून पहिल्या १५ मीटरांची वेळ घ्यावी. गतीचा धडा यापेक्षा चांगला कुठे मिळणार? मात्र पाण्याखाली श्वास कोंडण्याची पैज कधीही लावू नका. शुद्ध हरपून जीव जातो.